जुन्या मोटारसायकलमधील विजेचे दोष कसे शोधावेत?

कृषिपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळत असली म्हणजे मोटार सुरू करण्यासाठी मध्यरात्री शेतावर जावे लागते. काटोल, नरखेड, कळमेश्वर भागातील संत्रा बागाईतदारांना हे सांगायला नको. अशा वेळी गाडीचा दिवा मिणमिणत असेल तर रस्त्यावरचे रानडुक्कर किंवा बिनदिव्याची बैलगाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मागचा लाल दिवा बंद असेल तर मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसत नाही. म्हणून गाडी चालू होते एवढ्यावर समाधान मानू नये.

राजदूत, येझदी, बुलेट आणि पहिल्या पिढीतील हीरो होंडा अशा गाड्या अजूनही खेड्यापाड्यांत वापरात आहेत. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला, राजदूतचे उत्पादन थांबूनही बरीच वर्षे झाली. त्यामुळे या गाड्यांचे चांगल्या प्रतीचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. गाडी बंद पडली की आधी कॉइल, मग कंडेन्सर, मग सीडीआय बदलून पाहण्याची पद्धत सर्रास दिसते. यात पैसा जातो आणि चांगला मूळ भाग भंगारात पडतो. जुन्या गाडीतील दोष बहुधा महागड्या भागात नसून जोडात, फ्यूजमध्ये किंवा अर्थमध्ये असतो. तो शोधण्यास थोडा वेळ आणि एक छोटा दिवा पुरेसा आहे.

टेस्ट लॅम्प घरीच तयार करावा. गाडी ६ व्होल्टची असेल तर ६ व्होल्टचा आणि १२ व्होल्टची असेल तर १२ व्होल्टचा लहान बल्ब होल्डरसह घ्यावा. त्याला दोन हातभर वायरी जोडून एका टोकाला चिमटा व दुसऱ्या टोकाला जाड सुई बसवावी. पंपाच्या पेटीवर वापरतो तो टेस्टर येथे चालत नाही. एवढ्या कमी दाबावर त्यातील दिवा लागतच नाही आणि वीज असूनही ती नाही असा समज होतो.

बॅटरी

सुरुवात नेहमी बॅटरीपासून करावी. नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत बॅटरीतील पाणी झपाट्याने कमी होते, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी पातळी पाहावी. पातळी खाली गेल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे पाणी किंवा ॲसिड घालू नये. टोकांवर आलेला पांढरा-हिरवा क्षार सोड्याच्या पाण्याने धुवावा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून घट्ट आवळावीत व वरून व्हॅसलीन लावावे.

मल्टीमीटर असल्यास रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मोजावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ आणि ६ व्होल्टची सुमारे ६.३ व्होल्ट दाखवते. इंजिन वेगात असताना हा आकडा वाढून १२ व्होल्टच्या गाडीत १३.५ ते १४.५ व ६ व्होल्टच्या गाडीत ७ च्या आसपास जावयास हवा. तो वाढतच नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे आणि नवीन बॅटरीही काही दिवसांत उतरणार.

लहान बॅटरी ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी असलेल्या मोठ्या चार्जरवर लावू नये, त्याने प्लेटा खराब होतात. क्षमतेच्या एक दशांश प्रवाह द्यावा, म्हणजे ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. ६ व्होल्टच्या गाडीला ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी जोडून चालू करण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. बॅटरी परत बसवताना सांगाड्याला कोणते टोक जाते ते आधी पाहावे. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत ऋण टोक सांगाड्याला असते, परंतु इंग्लंडमध्ये बनलेल्या काही जुन्या गाड्यांत धन टोक असते.

बॅटरी एका रात्रीत उतरत असेल तर चावी बंद करून ऋण टोकाची वायर सोडवावी आणि ते टोक व वायर यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडावा. दिवा लागला तर वीज कोठेतरी झिरपत आहे. एकेक जोड सोडवीत जावे. ज्या जोडाला दिवा विझेल त्या फाट्यावर दोष आहे.

फ्यूज उडाल्यास त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची सवय फार वाईट आहे. वायरिंग टाकीखालून जाते. वायर घासून सांगाड्याला टेकली की फ्यूजने जळायचे असते. तो जळला नाही तर वायर जळते, आणि वर पेट्रोल असते. पुस्तिकेत दिला असेल त्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा व तो पुन्हा उडाल्यास घासलेली वायर शोधावी.

दिवे मंद का लागतात?

६ व्होल्टच्या गाडीत ३५ वॅटचा बल्ब जवळजवळ ६ अँपिअर प्रवाह घेतो, १२ व्होल्टच्या गाडीत तोच बल्ब ३ अँपिअर घेतो. समजा, गंजलेल्या जोडात ०.१ ओहम इतका अवरोध आहे. १२ व्होल्टच्या गाडीत तेथे सुमारे ०.३ व्होल्ट खर्ची पडेल, ते जाणवणारही नाही. ६ व्होल्टच्या गाडीत सुमारे ०.६ व्होल्ट, म्हणजे दहावा हिस्सा जाईल. बल्बचा दाब दहावा हिस्सा घटला की उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतो. राजदूत-येझदीवाल्यांची दिव्याबद्दलची जुनी तक्रार बव्हंशी येथून येते. जास्त वॅटचा बल्ब लावल्याने ती मिटत नाही, उलट वाढते.

म्हणून प्रत्येक जोड उघडून पॉलिश पेपरने चकचकीत करावा. अर्थकडे विशेष लक्ष द्यावे. दसऱ्याआधी गाडीला रंग दिला आणि नंतर मागचा दिवा बंद झाला, तर मडगार्डच्या बोल्टखाली रंग बसला आहे असे समजावे व तेवढी जागा खरवडावी. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद लागत असेल तर तोही मागच्या अर्थचाच दोष होय. खात्रीसाठी दिव्याच्या होल्डरपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक सुटी वायर धरून पाहावी. दिवा लख्ख झाला की दोष सापडला.

दिवा लावून हँडल डावी-उजवीकडे वळवावे. दिवा लुकलुकल्यास हँडलच्या मानेजवळ वायर आतून तुटलेली आहे. सोयाबीनच्या गोदामात उभ्या राहणाऱ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात, ते सीट काढल्याशिवाय दिसत नाही. घरच्या वायरिंगची एकतारी वायर गाडीत वापरू नये, हादऱ्याने ती तुटते. बहुतारी वायर घेऊन जोडाला डाग द्यावा.

ठिणगी येत नसल्यास

प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनला नीट टेकवून किक मारावी. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग त्या छिद्रापासून दूर धरावा. निळी, कडक ठिणगी हवी. ती नसेल तर आधी दुसरा प्लग व टोपी लावून पाहावी.

बॅटरीवर ठिणगी देणाऱ्या पॉइंटच्या गाडीत चावी सुरू करून टेस्ट लॅम्पचा चिमटा इंजिनला लावावा व सुई कॉइलच्या बॅटरीकडील टोकाला टेकवावी. दिवा न लागल्यास चावीचा स्विच किंवा फ्यूज पाहावा. मग सुई पॉइंटकडील टोकाला टेकवून किक हाताने सावकाश फिरवावी. पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. दिवा लागलेलाच राहिला तर पॉइंटवर तेल किंवा काजळी आहे. तो मुळीच लागला नाही तर कंडेन्सर किंवा पॉइंटची वायर सांगाड्याला टेकली असावी, अथवा कॉइल तुटली असावी. पॉइंटमधील फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. पॉइंटवर मोठी ठिणगी उडून ते वरचेवर जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. तपासणी संपली की चावी बंद करावी, नाहीतर कॉइल तापते.

जुन्या किकच्या स्प्लेंडरसारख्या गाडीत ठिणगीची वीज मॅग्नेटोतून येते, त्यामुळे बॅटरी मेली तरी गाडी चालू होते. ती चालू होत नसेल तर सीडीआयचा खर्च करण्यापूर्वी चावीच्या स्विचकडे जाणारी काळी-पांढरी वायर सुटी करून किक मारावी. ही वायर सांगाड्याला टेकल्यानेच इंजिन बंद होते. ती कोठे घासली असेल किंवा स्विचमध्ये पाणी शिरले असेल तर सीडीआय चांगला असूनही ठिणगी येत नाही. वायर सुटी असताना चावीने इंजिन बंद होणार नाही, ते गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून बंद करावे.

दहा-पंधरा मिनिटे चालून बंद पडणारी व थंड झाल्यावर पुन्हा चालू होणारी गाडी मिस्त्रीकडे नेली की नेमकी ठीक चालते. अशी गाडी बंद पडताक्षणी तेथेच ठिणगी पाहावी. ठिणगी असेल तर दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे. नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून सुटत आहे, आणि मिस्त्रीला तसे सांगता येते.

ही सर्व तपासणी मृगापूर्वी, रस्ते कोरडे असताना उरकून घ्यावी. सीटखाली टेस्ट लॅम्प, दोन फ्यूज, एक प्लग, पुढचा व मागचा असे दोन बल्ब, हातभर वायर आणि चिकटपट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी.