आधी घाट, मग बयाणा

विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयी माझ्या मनात आकस नव्हता, किंबहुना तिच्या निर्धूम चालीचे मला कौतुकच होते. म्हणूनच पुण्यातील एका विक्रेत्याच्या माणसाने जो व्यवहार केला, त्याची चीड अद्याप ओसरलेली नाही. साताऱ्याकडे आमचे नित्य जाणेयेणे असल्यामुळे गाडी कात्रजच्या घाटात चालवून पाहू द्यावी, एवढेच माझे मागणे होते. परंतु शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर एक वळसा घालून आणून त्याने बुकिंगची पावतीच पुढे सरकवली, आणि घाटाचा आग्रह धरताच, "काका, इतका संशय घेतलात तर कुठलीच गाडी घ्यायची नाही तुम्ही," असे वर ऐकवले. अखेर बयाणा भरल्यावरच त्याने घाटाची परवानगी आणली.

गाडी चढली उत्तम, हे नमूद केलेच पाहिजे. पेडल दाबताक्षणी मिळणारा तो जोर आणि गिअर बदलण्याच्या दगदगीतून सुटका, ही दोन्ही सुखे खरी आहेत. मात्र चढाला लागताच पडद्यावरील शिल्लक पल्ल्याचा आकडा भराभर उतरू लागला, आणि भर उन्हात, माझे लक्ष वळणाकडे आहे अशा समजुतीने, शेजारी बसलेल्या त्या गृहस्थाने हळूच हात पुढे करून एसी बंद केला. मी तो चालू केला. पुढच्या वळणावर त्याने पुन्हा बंद केला. विचारले, तेव्हा म्हणाला, "घाटात हवा गार असते ना, काका." त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. मला काय दिसू नये म्हणून हा सारा खटाटोप चालला आहे, हे तेव्हा लख्ख उमगले.

माहितीपत्रकातील पल्ला प्रयोगशाळेतील रुळांवर, एसी बंद ठेवून, ताशी ९० किलोमीटरच्या वर न जाता मोजलेला असतो. द्रुतगती मार्गावर ताशी ६० वरून १०० वर गेलात, की हवेचा रोधच जवळजवळ पावणेतीनपट होतो. मग तो आकडा टिकावा कसा? सबब, फेरीला निघताना एसी आणि सहकुटुंब सामानाचा भार यांसह निघावे. बॅटरी पूर्ण भरलेली गाडी मुळीच स्वीकारू नये, कारण अशा बॅटरीत उतारावरची वीज परत घेण्यास जागा नसते आणि पेडल सोडल्यावर लागणारा तो विशिष्ट रोध तुम्हांस अनुभवताच येत नाही. निम्म्याच्या आसपास भरलेली मागावी, आणि चढणीच्या पायथ्याशी व माथ्याशी बॅटरीच्या टक्क्यांचे छायाचित्र घ्यावे, कारण पल्ल्याचा आकडा हा केवळ अंदाज असतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ४० युनिटांची बॅटरी भरण्यास बारा तासांहून अधिक लागतात, तेव्हा सोसायटीची लेखी संमती आधी पदरात पाडून घ्यावी. कागदपत्रे नीट वाचावीत, हे सांगायला नकोच.

व्यवहार मोडल्यावर बयाण्यातून 'प्रक्रिया शुल्क' म्हणून रक्कम कापली गेली, ज्याचा उल्लेख पावतीवर कोठेही नाही. तिचा तपशील मी लेखी मागितला आहे. उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार गुदरणार आहे.