दणका झेपेल तीच बंदूक घे

अगं, तुझा मेसेज वाचून आधी हसूच आलं. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा दिसला की श्वास रोखून उभी राहणारी तू, आता डेन्व्हरहून हरणाच्या शिकारीला निघालीस! जा बाई, माझी ना नाही. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार बंद. तिकडे परवाना काढून रीतसर चालतं, मांसही वाया जात नाही. पण तुझ्या नवऱ्याचा तो मित्र देतोय ती .३०० विंचेस्टर मॅग्नम मात्र घेऊ नकोस.

मी ओळखते तुला. बाईमाणूस म्हणून हलकी मागितली असं कुणाला वाटू नये, एवढ्यासाठी तू ती खांद्याला लावशील. आठेक पौंडांच्या रायफलीत तिचा दणका पंचवीस फूट-पौंडांच्या पुढे जातो, .३०-०६चा वीसच्या आसपास. ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ घेतलीस तर बारा-तेरावर भागतं. रायफल जितकी हलकी तितका दणका जास्त, म्हणून डोंगर चढायला बरी पडेल या हिशेबानं पिसासारखी उचलू नकोस.

आजोबांची .३१५ आठवते ना? .३०३ पडली लष्कराची, साध्या माणसाला मिळायची नाही, म्हणून गावोगाव हीच. बुडावर 'केएफ' ठसा असलेली खडकीची काडतुसं. उसात डुकरं शिरली की आजोबा बार काढायचे आणि रात्री आजी खांद्याला हळद लावायची. दस्त्याला रबराची गादी नाही, कानात बोळे नाहीत. तू दोन्ही घे. माणूस दणक्याइतकाच आवाजालाही दचकतो. नळीच्या तोंडाला ब्रेक लावला तर दणका कमी होतो खरा, पण आवाज कानठळ्या बसवतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींच्या काडतुसांत मी गुपचूप एक खोटं घालते. घोडा दाबला जातो, बार होत नाही, आणि तरी डोळे मिटलेले, खांदा पुढे ढकललेला, नळीचं तोंड बोटभर खाली गेलेलं. जनावरावर असं झालं तर गोळी पुढच्या पायामागे छातीत न बसता पोटात बसते, आणि ते मैलभर पळून कुठंतरी तडफडत मरतं. मोठ्या काडतुसाची ताकद तिथं काही कामाची नाही.

आणि हलकं काडतूस कमी पडतं असंही नाही. शिकारी जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर, १९०७ साली, भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, म्हणजे जर्मनांचं ७×५७च. स्वीडनमध्ये ६.५×५५वर मूस पाडतात, आणि मूस म्हणजे घोड्याएवढं धूड. कोलोरॅडोत हरणाला .२४च्या खालची नळी चालत नाही, तेव्हा .२४३सुद्धा कायद्यात बसते. पण पुढं एल्कसारखं मोठं जनावर करायचं म्हणतेस, म्हणून ६.५ किंवा ७ एमएम-०८ बरी. गोळी १४० ग्रेनच्या आसपासची, आत जाऊन फुलणारी पण तुकडे न होणारी. लांबून मारायचा मोह आवर.

हंटर एज्युकेशनचा वर्ग आधी कर, त्याशिवाय तिथं सहसा परवाना मिळत नाही. आणि दस्ता तुझ्या हाताच्या मापाचा करून घे. त्या मित्राचा सहा फुटी देह, त्याच्या मापात तुझी मान ताणली जाईल आणि दुर्बीण भुवईवर आपटेल.

आईला फोनवर यातलं काही बोलू नकोस. माळकरी बाई ती, जेवण सोडून बसेल. पालखी पुढं गेली की मीच बघते कसं सांगायचं ते.