नावाची ओळख : थॉमस



३ जुलै रोजी ख्रिस्तसभा प्रेषित संत थॉमस ह्यांचा सण पाळते. त्यानिमित्त या नावाची ओळख करून घेऊ या.

अर्थ : थॉमस हे नाव अरामी भाषेतून आले. अर्थ 'जुळा'. मराठी बायबलात तो 'थोमा' आहे. योहान त्याला 'दिदुम' असेही म्हणतो. या ग्रीक शब्दाचा अर्थही जुळाच. तो कोणाचा जुळा, हे मात्र शुभवर्तमानात नाही.

शुभवर्तमानातील थोमा : आपण त्याला संशयी म्हणून मोकळे होतो. पण जिवाला धोका असताना येशूबरोबर मरायला जाऊ, असे इतर शिष्यांना म्हणणारा तोच (योहान ११:१६). वाट ठाऊक नाही, अशी प्रामाणिक कबुली देणाराही तोच (१४:५). पुनरुत्थित येशूने त्याला झिडकारले नाही, आपल्या जखमा दाखवल्या. तेव्हा थोमाने त्याला आपला प्रभू आणि देव म्हटले (२०:२४-२९). परंपरेनुसार तो इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि मैलापूर येथे हुतात्मा झाला. केरळात हे नाव घरोघरी आढळते ते त्यामुळेच.

या नावाचे इतर थोर : संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) ह्यांनी आपला मोठा ग्रंथ प्रश्नोत्तररूपाने लिहिला, विरोधी मत आधी मांडायचे, मग उत्तर द्यायचे. संत थॉमस मोर ह्यांनी १५३५ साली राजापेक्षा देवाची आज्ञा मोठी मानून प्राण दिले.

आपल्या मराठीचे ऋणी असलेले व मराठीला ऋणी करणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील येशूसंघीय. १५७९ साली ते गोव्यात आले व मराठी शिकले. साष्टीत मुलांना धर्मशिक्षण देताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारले, जुनी पुराणे सोडली, तर आता आम्ही वाचायचे काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण'. ते १६१६ साली छापले गेले.

आपल्यासाठी : खाप्यातल्या आपल्या घरीही मुले विचारतात, 'देव दिसत नाही, मग आहे कशावरून?' आपण 'गप्प बस, प्रार्थना म्हण' म्हणतो. येशू थोमाला गप्प बस म्हणाला नाही. उत्तर येत नसेल, तर मुलाबरोबर बसून शुभवर्तमान उघडावे. प्रश्न पडतो त्या दिवशी आपणच थोमाचे जुळे असतो.

या आठवड्यात घरी वाचा : योहान २०:२४-२९.