दर्यावरचे एकबारी पिस्तूल

आपल्या हैदराबादेत गनफौंड्रीचे नाव लहानथोरांच्या तोंडी आहे. निजाम अली खान यांच्या पदरी असलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीने १७९५ साली तेथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला, म्हणून जुने लोक त्या जागेला ‘तोप का साँचा’ म्हणतात. आठवीच्या वर्गात ही हकीकत सांगत असता एक मुलगा म्हणाला, “सर, तोफेचे ठीक आहे; पिस्तुलात शिकण्यासारखे काय? चाप ओढला की झाले.” त्याला जे सांगितले तेच येथे मांडतो. उदाहरण मुद्दाम जहाजावरचे घेतले आहे.

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानाची ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली, तेव्हा इंग्रजी आरमारात चकमकीचे पिस्तूल होते. त्याची नळी आधी १२ इंच, पुढे ९ इंच. घोड्यात धरलेली गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडे, ती रंजकाला लागे आणि रंजकाची आग कानातून आतल्या दारूला पोचे. आता विचार करा : लाटेचे चार तुषार रंजकावर उडाले तर? शत्रूच्या जहाजावर उडी घेणाऱ्या खलाशाजवळ बार एकच असे. पुन्हा ठासायला उसंत कोठली! तो बार फुकट गेला म्हणजे प्राणाशीच गाठ.

फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट १८०७ साली घेतले. त्यातून पुढे तांब्याची टोपी निघाली. ट्रिंकोमाली बरीच वर्षे इंग्लंडात नुसती उभी होती. १८४७ साली ती कामगिरीवर निघाली तोवर आरमारात १८४२ च्या नमुन्याचे टोपीचे पिस्तूल आले होते. नळी अवघी ६ इंच, आतून गुळगुळीत, व्यास ०.५६ इंच. या व्यासाची शिशाची गोळी मुलांकडून गणिताने काढवली : वजन सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे एका रत्तलात २६ गोळ्या. (वर्गातील निम्म्यांनी त्रिज्येऐवजी व्यासाचाच घन केला, ते असो.)

मला खरे कौतुक वाटते ते बारीक गोष्टींचे. ठासणीचा गज बिजागरीने नळीलाच जोडलेला, म्हणजे हातातून निसटून समुद्रात पडायचा नाही. बाजूला पोलादी आकडा, तो कमरपट्ट्यात अडकवला की दोरावर चढायला दोन्ही हात मोकळे. मुठीच्या टोकाला पितळी टोपण. बार संपल्यावर त्याचाच सोट्यासारखा उपयोग.

नेम लांबवर लागत नसे, आणि त्याची गरजही नव्हती. माणूस हाताच्या अंतरावर असे. पुढे इंग्रजी आरमाराने सहा बारांची कोल्ट पिस्तुले घेतली. तरी अमेरिकन आरमाराने १८६७ च्या नमुन्याचे रेमिंग्टन घेतले ते एकबारीच : नळी ७ इंच, व्यास ०.५०, मात्र त्यात काडतूस मागून भरावयाचे, गज नाही आणि टोपीही वेगळी नाही.

वाडियांची ती नौका आज इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. आमच्या त्या मुलाने नकाशात ते गाव शोधून काढले.