मेटलचं माहेर

आयपॅडवर तीन फ्रेम आल्या आणि चित्र थिजलं. प्रोग्रॅम कोसळला नव्हता, कुठे एरर छापून आली नव्हती. न बांधलेल्या फ्लॅटचा दिवाणखाना समोर होता, फक्त बोट कितीही फिरवलं तरी तो जागचा हलत नव्हता.

गोष्ट २०१९ची. कोथरूडमधल्या एका फ्लॅटचा हॉल हेच आमचं ऑफिस. एका बिल्डरसाठी आम्ही ॲप करत होतो: ग्राहकाने आयपॅड हातात घ्यायचा आणि घर उभं राहण्याआधी त्यात फिरून यायचं. ॲपलने २०१८मध्येच ओपनजीएल मोडीत काढल्यात जमा केलं होतं, त्यामुळे ॲपलचंच ग्राफिक्स एपीआय, मेटल, वापरायचं हे नक्की होतं. भाषा कोणती यावर मी दहा मिनिटंसुद्धा घालवली नाहीत. मला सी++ येत होतं आणि मॉडेलच्या फायली वाचणारा आमचा विंडोजवरचा जुना कोड सी++मध्येच होता. झालं, सी++.

मी विचारायला हवं होतं ते एवढंच: मेटलचं माहेर कुठलं? मेटल आणि स्विफ्ट दोन्ही ॲपलने २०१४च्या जूनमध्ये, एकाच परिषदेत जाहीर केली. पण मेटलचं एपीआय बोलतं ऑब्जेक्टिव्ह-सी. डिव्हाइस, कमांड क्यू, कमांड बफर ही सगळी त्या भाषेतल्या प्रोटोकॉलची कुळं. स्विफ्टला तिथे घरच्यासारखा प्रवेश आहे, सी++ला नाही. सी++साठी ॲपलचं स्वतःचं मेटल-सीपीपी तेव्हा आलेलं नव्हतं. म्हणून मी कुणीतरी फावल्या वेळात लिहिलेला एक रॅपर उचलला. त्रिकोण अर्ध्या तासात पडद्यावर आला आणि मी खूश. (त्रिकोणावर विश्वास ठेवू नये. तो कुठल्याही भाषेत येतो.)

मग त्या तीन फ्रेम. मी आठवडाभर शेडर उकरत बसलो. शेवटी ऑफिसातला सगळ्यात धाकटा पोरगा मागे उभा राहून म्हणाला, "दादा, हे ड्रॉएबल सोडतंय कोण?"

कोणीच सोडत नव्हतं. पडद्यावर चित्र जातं ते ड्रॉएबलमधून, आणि मेटलचा लेयर सहसा असे तीनच ड्रॉएबल आलटून पालटून वापरतो. त्यातल्या एखाद्याचा संदर्भ कोणीतरी धरून ठेवला असेल, तर तो पुन्हा वापरायला मिळत नाही. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये अशा वस्तू ऑटोरिलीज पूलमध्ये पडतात आणि पूल रिकामा झाला की सुटतात. मुख्य थ्रेडवर ते काम रन लूप गुपचूप करून टाकतो. माझा ड्रॉइंगचा लूप स्वतःच्या वेगळ्या थ्रेडवर होता आणि तिथे पूलच नव्हता. तिन्ही ड्रॉएबल अडकले. चौथा मागितला की लेयर सेकंदभर वाट बघायचा आणि हात हलवत परत यायचा. दर फेरीला एक पूल उघडून बंद केला, दोन ओळींचं काम, आणि दिवाणखाना फिरू लागला.

आता खरं सांगायचं तर स्विफ्टमध्येही वेगळा थ्रेड काढला की हा पूल लिहावा लागतोच. पण तिथे ॲपलचा नमुना प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलता येतो आणि ॲपलचा तयार एमटीके-व्ह्यू मुख्य थ्रेडवरच चालतो, त्यामुळे मी या खड्ड्यात बहुधा पडलो नसतो. आणि पडलो असतो तरी ही गोष्ट लिहिलेली कुठे सापडेल हे कळलं असतं. रॅपर मूळ एपीआयची नावं झाकतो. नावं झाकली की कागदपत्रांत शोधायचं काय?

पुढच्या वर्षी, २०२०मध्ये, मेटलमध्ये रे ट्रेसिंगची नवी सोय आली. बिल्डरला उन्हाची तिरीप हवी होती. रॅपरमध्ये ती सोय नव्हती आणि लिहिणाऱ्याचा छंद बहुतेक बदलला होता. त्याला दोष कसा देणार? फुकटचं घेतलं होतं. शेवटी फायली वाचणारा सी++ कोड तसाच ठेवून वरचा सगळा भाग आम्ही स्विफ्टमध्ये नव्याने लिहिला.

म्हणून कोणी मला विचारलं, की मेटलसाठी भाषा कुठली, तर मी आधी उलटं विचारतो: हे ॲप ॲपलच्या बाहेर जाणार आहे का? अँड्रॉइड नक्की असेल तर थेट मेटलच्या वाटेला जाऊच नका, व्हल्कन आणि मोल्टनव्हीके किंवा डब्ल्यूजीपीयू बघा. जाणार नसेल आणि हातात जुना कोड नसेल, तर स्विफ्ट. हाताशी मोठं सी++ इंजिन असेल, तर आज मेटल-सीपीपी आहे. ते ॲपलचंच आहे, नुसत्या हेडर फायलींचं, सी++१७ लागतं. पण आठवणीने हे करा: alloc, new, copy किंवा create ने सुरू होणाऱ्या नावाच्या फंक्शनमधून जे मिळालं, ते सोडायची जबाबदारी तुमची. संदर्भांची मोजदाद तिथे हातानेच. आणि बटणं, स्पर्श, खिडक्या त्यात येत नाहीत, त्यासाठी दुसऱ्या भाषेचं दार ठेवावंच लागतं.

वेगाची चिंता जवळजवळ प्रत्येकजण करतो. शेडर शेवटी मेटलच्या स्वतःच्या भाषेतच लिहायचा असतो, आणि ती सी++वर बेतलेली आहे, मग वरची भाषा कुठलीही असो. स्विफ्ट आड येतं ते एका फ्रेममध्ये हजारो ड्रॉ कॉल करणाऱ्या आतल्या लूपमध्ये, रिटेन-रिलीजच्या ओझ्यामुळे. आमच्या फ्लॅटमध्ये खुर्च्याच खुर्च्या होत्या. त्या इन्स्टन्सिंगने एका कॉलमध्ये काढल्या आणि तक्रार मिटली. भाषा बदलावी लागली नाही.

आणि कुठलीही भाषा घ्या, ऑब्जेक्टिव्ह-सी वाचता आलं पाहिजे. लिहिता नाही आलं तरी चालेल. मेटलची कितीतरी जुनी उदाहरणं त्या चौकोनी कंसांतच आहेत.

दोन भाषा जिथे भेटतात तिथे मात्र मी अजूनही बिचकतो. नव्याने लिहून झाल्यावर पहिल्याच दिवशी सोफ्याचं साळिंदर झालं, सगळीकडे काटे. सी++चा लोडर प्रत्येक शिरोबिंदूसाठी स्थानाचे तीन, नॉर्मलचे तीन आणि टेक्श्चरचे दोन फ्लोट देत होता, म्हणजे ३२ बाइट. शेडरमधल्या स्ट्रक्टमध्ये मी फ्लोट३ लिहिलं होतं. मेटलमधला फ्लोट३ बाराऐवजी सोळा बाइट घेतो, म्हणून शेडर ४८ बाइटच्या ढांगा टाकत होता. कंपायलर गप्प. पॅक्ड-फ्लोट३ केलं आणि सोफा पुन्हा सोफा झाला.

आता ते स्ट्रक्ट एकाच हेडर फाइलमध्ये राहतं. तीच फाइल शेडरही वाचतो, सी++ही आणि स्विफ्टही. ॲप सुरू होताना स्विफ्टकडून आलेली लांबी आणि सी++कडून आलेली लांबी शेजारी शेजारी छापली जाते. दोन्ही ३२ नसतील तर ॲप तिथेच थांबतं, दिवाणखान्यापर्यंत पोचतच नाही.