पान्ह्याची सवय आणि भीतीची आठवण

दुभत्या जनावराची धार काढणे हे निव्वळ हाताचे काम आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कासेत दूध असूनही जनावराने पान्हा चोरला म्हणजे कसलेल्या गवळ्याचेही हात रिकामे राहतात, हे ज्याच्या गोठ्यात एक तरी म्हैस आहे त्यास सांगावयास नको. हा पान्हा खुणेने कसा येतो आणि खुणेनेच कसा अडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. शरीरशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु एका चुकीची किंमत स्वतः मोजावी लागल्यामुळे आम्हांस या विषयात शिरणे भाग पडले.

रशियातील शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांस पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडले की लाळ सुटते, हे उपजत. परंतु अन्न देण्यापूर्वी दर खेपेस एखादा ठराविक आवाज केला, तर काही काळाने नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागते, असे त्यांनी दाखविले. (लोकांत घंटेची गोष्ट प्रसिद्ध आहे, त्यांच्या प्रयोगशाळेत ठोके देणारा मेट्रोनोम व इतरही खुणा वापरीत असत.) या शिकण्यास शास्त्रात अभिजात अभिसंधान असे भारदस्त नाव आहे. आपल्या गोठ्यात ते रोज दोन वेळा घडते. रेडकू सडास लागले की पान्हा येतो, ही उपजत गोष्ट. आंबोणाचे घमेले वाजताच किंवा नेहमीच्या माणसाची चाहूल लागताच सडांतून थेंब गळू लागतात, ही शिकलेली.

सडांस स्पर्श होताच त्याची वर्दी मज्जातंतूंवाटे, पाठीच्या कण्यातून, मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागास पोहोचते. तेथे तयार होणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक खालच्या पोष ग्रंथीच्या मागील भागात साठविलेले असते. ते रक्तात सुटून कासेपर्यंत जाते आणि दूध बनविणाऱ्या पिंडांभोवतालच्या बारीक पेशी आवळून दूध खाली ढकलते. म्हणजे अर्ज जातो तंतूंनी आणि हुकूम येतो रक्तावाटे! हा अंमल काही मिनिटेच टिकतो, म्हणून पान्हा आल्यावर रेंगाळू नये. गाईच्या कासेच्या खालच्या पोकळीत थोडे दूध आधीच उतरलेले असते. म्हशीच्या ते फारच थोडे असते. यामुळे पान्हा न आल्यास म्हशीपासून जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

अमेरिकेतील ईली व पीटरसन यांचे या बाबतीतील प्रयोग १९४१ साली प्रसिद्ध झाले. गाईच्या अर्ध्या कासेच्या मज्जा त्यांनी तोडल्या, तरी पान्हा दोन्ही बाजूंस आला. त्याअर्थी तो रक्तातूनच येत असला पाहिजे. पुढे धारेच्या वेळी त्यांनी गाईजवळ कागदी पिशव्या फोडल्या, पाठीवर मांजर ठेवले. गाय घाबरली व दूध अडले. अ‍ॅड्रेनॅलीन टोचले असताही तोच परिणाम झाला. हे संप्रेरक मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून भीतीच्या वेळी सुटते व कासेत ऑक्सिटोसिनचे काम चालू देत नाही. पुढील काळात असेही आढळले की, अनोळखी जागी बांधलेल्या गाईच्या बाबतीत मेंदूकडून ऑक्सिटोसिनच पुरेसे सुटत नाही.

आता आमची चूक. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमच्या म्हशीने लाथ मारून दुधाने भरलेली पत्र्याची बादली लवंडली. आम्ही संतापून तीच बादली तिच्या पाठीत घातली. दुसऱ्या दिवसापासून बादली वाजली की तिचे अंग थरथरे, डोळे मोठे होत, आणि पान्हा येत नसे. दोन्ही वेळचे मिळून आठ लिटर देणारी म्हैस दोन लिटरांवर आली. नोंद ठेवण्याची खोड असल्याने हे आकडे आमच्या वहीत आजही आहेत. घरच्यांनी दृष्ट काढली. आम्ही बादली बदलून चरवी घेतली. फरक पडला, पण थोडाच.

याचे उत्तर उंदरांवरील प्रयोगांत मिळाले. मेंदूत कानाच्या बाजूस खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग आहे. आवाज आणि वेदना यांची गाठ तेथे पडते. त्याच्या मागे लागून असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग जागेची ओळख ठेवतो. १९९२ साली फिलिप्स व लेडू यांनी दाखविले की, अमिग्डला निकामी केल्यास उंदीर आवाजासही भीत नाही व जागेसही नाही. परंतु हिप्पोकॅम्पस निकामी केल्यास आवाजाची भीती राहते व जागेची जाते. (सशाच्या डोळ्यावर वाऱ्याची फुंकर मारून पापणी मिटण्याची सवय लावली, तर ती मात्र लहान मेंदूत साठते.) उंदीर व म्हैस एक नव्हेत, परंतु हे भाग सर्वच सस्तन प्राण्यांत आहेत. म्हणजे आम्ही आवाज बदलला, जागा तीच ठेविली होती. मग दावे गोठ्याच्या दुसऱ्या टोकास बांधले, आंबोण आधी ठेवू लागलो, आणि धार सूनबाईंकडे दिली. तीन आठवड्यांत म्हैस सात लिटरांवर आली.

त्या दिवसांत एका हितचिंतकाने इंजेक्शनचा सल्ला दिला होता. तो आम्ही मानला नाही. रोज ऑक्सिटोसिन टोचलेल्या गाईंचे टोचणे बंद केल्यावर आपणहून येणारा पान्हा कमी पडतो, असे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय दूध वाढविण्यासाठी फुंका घालणे किंवा जनावराच्या प्रकृतीस अपाय होईल असे काही टोचणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमान्वये गुन्हा आहे.

भीती उतरली म्हणजे पुसली गेली, असे मात्र नाही. पाव्हलॉव्ह यांस असे आढळले होते की, आवाजानंतर अन्न देणे बंद केल्यास लाळ हळूहळू थांबते. परंतु मध्ये काही काळ जाऊ दिला तर त्याच आवाजाने ती पुन्हा सुटते. जुनी गाठ तशीच राहते, तिच्यावर नवी पडते इतकेच. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या अंगणात पत्र्याची बादली दगडावर पडली, आणि त्या सकाळी आमच्या म्हशीने चरवीभरही दूध दिले नाही. सूनबाईंच्या हाताखाली ती पुन्हा शांत झाली. आम्ही अद्याप धारेच्या वेळी गोठ्यात जात नाही.