हवेचे माप

दूध आपण मापून घेतो. भात मापून देतो. मग हवेचे काय? हवा डोळ्यांना दिसत नाही. तरी तिच्यात काय मिसळले आहे, किती मिसळले आहे, ते मोजता येते. कसे ते या धड्यात पाहू.

भाईंदरहून समुद्राकडे गेले की उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावे लागतात. आज ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहेत. तेथे वलांडीवर बोंबील सुकतात. नवखा माणूस आला की नाकाला रुमाल लावतो. "इथली हवा वाईट," असे म्हणून मोकळा होतो. तोच माणूस काशीमिऱ्याच्या नाक्यावर मोटारींच्या गर्दीत उभा राहतो. तेव्हा मात्र काही बोलत नाही! मग खरी वाईट हवा कोठली?

हवेच्या १०० भागांत सुमारे ७८ भाग नायट्रोजन असतो. तो कोणाला अपाय करीत नाही. पण तो दुसऱ्या पदार्थाशी जोडला गेला की निराळे वायू होतात. त्यांतले दोन ओळखून ठेवू.

पहिला अमोनिया. गोठ्यात डोळे चुरचुरतात ते याच्यामुळे. नासक्या मासळीतूनही तो निघतो. युरिया वरवर फेकला, मातीत मिसळला नाही, तर अमोनिया होऊन उडून जातो. आपला पैसाच उडतो म्हणा ना!

दुसरा नायट्रोजन डायऑक्साइड. तो मोटारीच्या आणि चुलीच्या धुरात असतो. थोडा असला तर नाकाला कळत नाही. छातीला मात्र कळतो. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना त्याचा त्रास अधिक होतो.

म्हणून नुसते नाकाला विचारून भागत नाही. माप हवे.

मासळी कापून झाली की कोळीण हाताला लिंबू चोळते. वास जातो. कारण आंबट रस त्या वासाला धरून ठेवतो. मोजणारेही हीच युक्ती करतात. बोटाएवढ्या नळीत आम्ल लावलेला कागद ठेवतात. तो अमोनिया धरतो. दुसऱ्या नळीत निराळे औषध लावलेली जाळी असते. ती डायऑक्साइड धरते. नळीचे तोंड खाली करून ती खांबाला टांगतात. दोन ते चार आठवडे तशीच राहू देतात. वीज नको, पंप नको. एक नळी मात्र बूच लावून बंदच ठेवतात. उघड्या नळीचा ताळा तिच्याशी पाहतात.

मग प्रयोगशाळेत औषध घालतात. डायऑक्साइड असला तर गुलाबी रंग येतो, अमोनिया असला तर निळा. रंग जितका गडद, तितका वायू जास्त.

सरकारने २००९ साली मर्यादा ठरवून दिल्या. एक मीटर लांब, रुंद आणि उंच एवढ्या हवेत वर्षाच्या सरासरीने डायऑक्साइड ४० मायक्रोग्रॅम आणि अमोनिया १०० मायक्रोग्रॅम, याहून जास्त नसावा. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम.

एक नळी वलांडीजवळ टांगावी, एक गोठ्याजवळ, एक नाक्यावर. वर्षभर मोजावे. मग कोळणीवर उगाच बोट ठेवता येणार नाही. धुराचा दोषही लपणार नाही. दोष आपला निघाला, तर तोही आपण कबूल करू. माप सर्वांना सारखेच.

सांगा पाहू :
१. हाताला लिंबू चोळले की मासळीचा वास का जातो?
२. एक नळी बंद का ठेवतात?
३. आपल्या गावात नळ्या कोठे कोठे टांगाल?